हजेरीची पलटण

बेळगावात राहणाऱ्याला पलटण म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून इथं आहे. पहाटे कॅम्पातनं रिक्रूट पोरं पळत जातात आणि त्यांच्या बुटांच्या आवाजावर कितीतरी घरांतल्या बायकांचा दिवस सुरू होतो. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई, कुणाचा दीर ‘पलटणीत’ असतोच. एकदा एका बटालियनमध्ये गेला की बहुतेक पेन्शन येईपर्यंत तो तिथलाच. पुढं त्याची म्हातारी बायकोसुद्धा ‘आमची पलटण’ असंच म्हणते, माहेरचं नाव घ्यावं तसं.

त्यामुळं अमेरिकेच्या मरीन सैन्यातल्या चोविसाव्या एक्स्पिडिशनरी युनिटचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा पहिलीच गोष्ट पचायला जड गेली. या पलटणीला स्वतःची अशी माणसंच नाहीत. कर्नल आणि त्याचं मुख्यालय तेवढं कायम. मोहीम ठरली की एक पायदळ बटालियन इकडून, हेलिकॉप्टरांचा एक ताफा तिकडून, रसद सांभाळणारी एक तुकडी आणखी कुठून, अशी सगळी मिळून सुमारे २,२०० माणसं गोळा करायची, काही महिने एकत्र सराव करायचा आणि नौदलाच्या तीन जहाजांवर चढायचं. ऊसतोडीच्या टोळीसारखं म्हणा ना: मुकादम कायम, टोळी दर हंगामाला नवी बांधायची. सहा-सात महिने समुद्रावर फिरून परत आलं की टोळी सुटली. ज्याचा तो आपापल्या मूळ ठिकाणी. पुढच्या खेपेला नाव तेच, माणसं दुसरी.

अमेरिकेकडं अशी सात युनिटं आहेत. तीन कॅलिफोर्नियात, तीन नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅम्प लेज्यूनला, एक जपानच्या ओकिनावात. आपलं चोविसावं लेज्यूनचं. बरोबर पंधरा दिवस पुरेल एवढी सामग्री असते, म्हणजे बंदर नसलं, विमानतळ नसला तरी किनाऱ्यावर उतरून काम सुरू करता येतं. कल्पना साधी आहे. जगात कुठंतरी काहीतरी पेटणारच, तेव्हा आग विझवणारा बंब आधीच रस्त्यावर फिरत ठेवायचा.

नावाचीसुद्धा एक गंमत आहे. ‘एक्स्पिडिशनरी’ हा शब्द मरीनांचा जुना. पण १९६५ मध्ये व्हिएतनाममध्ये उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तिथल्या लोकांना या शब्दानं फ्रेंचांची वसाहती फौज आठवते. मग शब्द बदलून ‘अँफिबियस’ केला. अँफिबियस म्हणजे उभयचर, शाळेत बेडकाच्या धड्यात शिकतो तो शब्द. तेवीस वर्षं ते उभयचर राहिले. १९८८ मध्ये जुना शब्द परत आला. म्हणजे मी आता सांगणार आहे त्या १९८२-८३ च्या हकिकतीत या पलटणीचं नाव चोविसावं ‘अँफिबियस’ युनिट होतं. मी सरळ ‘चोविसावी’ म्हणत जाईन.

बैरुतला अमेरिकन मरीन पहिल्यांदा गेले ते १९५८ च्या जुलैत. लेबनॉनच्या राष्ट्राध्यक्षांनी मदत मागितली, आणि १५ जुलैला भर दुपारी विमानतळाजवळच्या वाळूवर बंदुका घेऊन सैनिक उतरले. समोर शत्रू कुणीच नव्हता. पोहायला आलेली माणसं होती आणि थंड पेयं विकणारी पोरं होती. ऑक्टोबरपर्यंत सगळे परतही गेले. फार सोपं गेलं ते. मला वाटतं, बैरुतविषयीचा पुढचा सगळा गैरसमज त्या वाळूवरच सुरू झाला असावा.

१९८२ च्या जूनमध्ये इस्राएलनं लेबनॉनवर चढाई केली. पॅलेस्टिनी लढवय्यांना बैरुतमधून सुखरूप बाहेर काढायचं ठरलं आणि त्यावर देखरेख करायला अमेरिका, फ्रान्स, इटली यांचं सैन्य आलं. २५ ऑगस्टला सुमारे ८०० मरीन बंदरावर उतरले. ती बत्तिसावी पलटण. काम संपलं, १० सप्टेंबरला ते जहाजांवर परत चढले. चार दिवसांनी लेबनॉनचे निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष बशीर जमायल बाँबस्फोटात मारले गेले, आणि लगेच साब्रा आणि शातिला या निर्वासितांच्या वस्त्यांत ती कत्तल झाली. संरक्षणाची हमी देऊन गेलेले लोक समुद्रावर आणि वस्त्यांत प्रेतं. ही लाज भरून काढायची म्हणून महिनाअखेरीला मरीन परत आले. या वेळी जागा मिळाली विमानतळाची.

आणि काम काय दिलं? इथं सगळी गोम आहे. त्यांच्या कामाला जो शब्द वापरला जायचा तो ‘प्रेझेन्स’. आपल्या भाषेत म्हणायचं तर हजेरी. लढायचं नाही, कुणाला हुसकायचं नाही, कुणाची बाजू घ्यायची नाही. दिसत राहायचं. तुम्ही दिसलात की लेबनॉनच्या सरकारला धीर येईल, भांडणारे गट निवळतील, असा हिशोब. लग्नघरात पोलीस पाटलानं नुसतं ओटीवर येऊन बसावं म्हणजे दोन्हीकडचे तोंड सांभाळून राहतात, तसला. पोलीस पाटील गावातला असतो, त्याला कोण कुणाचा ते माहीत असतं, ही गोष्ट मात्र या हिशोबात धरलेली नव्हती.

चोविसावी पलटण पहिल्यांदा गेली ती १९८२ च्या नोव्हेंबरच्या सुमारास. तो हिवाळा बरा गेला. सैनिक गस्त घालायचे, लेबनॉनच्या सैन्याला शिकवायचे. फेब्रुवारीत दुसरी पलटण आली, तिच्या काळात १८ एप्रिल १९८३ ला अमेरिकन वकिलातीवर स्फोटकं भरलेली गाडी आदळली. ६३ माणसं गेली. मे महिन्याच्या शेवटी चोविसावीची पाळी पुन्हा आली. कर्नल होते टिमोथी गेराटी. पायदळ होतं आठव्या रेजिमेंटची पहिली बटालियन.

विमानतळ समुद्राला लागून, सखल. पूर्वेला शूफचे डोंगर, आणि डोंगरावरून खालची प्रत्येक हालचाल दिसणारी. सप्टेंबरच्या सुरुवातीला इस्राएली सैन्य त्या डोंगरातून मागं सरलं आणि त्यांच्या जागेसाठी द्रूझ आणि ख्रिस्ती सैनिकांची लढाई जुंपली. तोफगोळे विमानतळावर पडू लागले. मरीन मरू लागले. त्यातच वरून दबाव आला, की सूक-अल-गर्ब या डोंगरातल्या गावात लेबनॉनचं सैन्य अडचणीत आहे, त्याला अमेरिकन युद्धनौकांच्या तोफांनी मदत करा. गेराटींचा विरोध होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आज आपण एका बाजूसाठी तोफा डागल्या की उद्या आपण मध्यस्थ राहत नाही, आणि त्याची किंमत खाली उघड्यावर बसलेली माझी पोरं मोजतील. १९ सप्टेंबरला तोफा डागल्या गेल्या. हुकूम हुकूम असतो.

मला या गोष्टीतलं सगळ्यात जिव्हारी लागतं ते असं. तोफा डागल्या गेल्या, पण खालच्या पोरांचं काम कागदावर बदललंच नाही. काम अजून हजेरीचंच. प्रत्येकाच्या खिशात एक पांढरं कार्ड असायचं, बंदूक कधी चालवायची त्याचे नियम लिहिलेलं. वकिलातीवरच्या स्फोटानंतर वकिलातीच्या पहारेकऱ्यांना वेगळं, निळं कार्ड मिळालं. त्यात धोका ओळखून आधी गोळी चालवायची जास्त मोकळीक होती. विमानतळावरच्यांचं कार्ड पांढरंच राहिलं. पहाऱ्यावर उभं राहताना बंदुकीत मॅगझिन चढवायचं नाही. एकाच शहरात, एकाच पलटणीत, दोन रंगांची कार्डं.

बटालियनचं मुख्यालय चार मजली काँक्रीटच्या इमारतीत होतं. तोफगोळ्यांपासून तीच जागा सगळ्यात सुरक्षित म्हणून जास्तीत जास्त माणसं तिथं झोपायची. २३ ऑक्टोबर १९८३, रविवार. रविवारी उठायची वेळ थोडी उशिराची असे, साडेसहाची. सहा वाजून बावीस मिनिटांनी एक पिवळा मर्सिडीज ट्रक समोरच्या वाहनतळात शिरला, एक वळसा घेतला, वेग वाढवून काटेरी तारा तोडल्या, पहारेकऱ्यांमधून गेला, रक्षकाची चौकी उडवली आणि इमारतीच्या दर्शनी दालनात घुसला. पहारेकऱ्यांनी मॅगझिन काढून बंदुकीत बसवेपर्यंत सगळं संपलं होतं. चौकशीत स्फोटाची ताकद १२,००० पौंड टीएनटीएवढी धरली, म्हणजे साडेपाच टनांच्या आसपास. इमारत आधी उचलली गेली आणि मग स्वतःतच बसली. २४१ अमेरिकन गेले: २२० मरीन, १८ नौदलाचे, ३ भूदलाचे. दुसऱ्या महायुद्धातल्या इवो जिमाच्या लढाईनंतर मरीनांची एका दिवसात एवढी माणसं कधी गेली नव्हती. काही मिनिटांनी फ्रेंचांच्या इमारतीवर तसाच हल्ला झाला, तिथं ५८ छत्रीधारी सैनिक गेले.

लेज्यूनला लागून जॅक्सनविल नावाचं गाव आहे, आमच्या कॅम्पाला लागून बेळगाव आहे तसं. तिथल्या घरांत दूरचित्रवाणीवर ढिगारा दिसत होता आणि नावं कळत नव्हती. सैनिकांची कागदपत्रंसुद्धा त्याच इमारतीत होती, तीही गेली. कोण जिवंत आणि कोण नाही हे कळायला काही घरांना कितीतरी दिवस लागले. एका खाकी गाडीची वाट बघत खिडकीत उभ्या राहिलेल्या बायका. ती गाडी आपल्या दाराशी थांबू नये एवढंच मागणं, आणि ती शेजारच्या दाराशी थांबली की सुटकेच्या श्वासाची लाज. हे सांगायला मला पुस्तक लागत नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या वेळी आमच्याकडं तारवाला सायकलवरून आला की गल्ली कशी गप्प व्हायची, ते पाहिलेलं आहे.

आणि मग एक चमत्कारिक गोष्ट झाली. चोविसावीला सोडवायला बाविसावी पलटण ऑक्टोबरच्या मध्यातच अमेरिकेहून निघाली होती, पाच जहाजांवर. बैरुतकडं जाताना वाटेतच तिची तोंडं फिरवली गेली, कॅरिबियन समुद्रातल्या ग्रेनाडा या चिमुकल्या बेटाकडं. बैरुतच्या स्फोटानंतर दोनच दिवसांनी, २५ ऑक्टोबरला, ती तिथं उतरली. तिथलं काम झटपट आटपलं. वर्तमानपत्रांना विजयाची बातमी मिळाली. मग तीच पलटण पुढं बैरुतला गेली आणि नोव्हेंबरात चोविसावीला घरी पाठवलं. त्या पाच जहाजांत ट्रेंटन नावाचं एक जहाज होतं. नाव लक्षात ठेवा, ते पुढं आपल्याकडं येणार आहे.

चौकशी समितीनं सुरक्षेतल्या ढिलाईसाठी सेनाधिकाऱ्यांना जबाबदार धरलं. पण कामाचं स्वरूप बदलत गेलं आणि हुकूम मात्र बदलले नाहीत, हेही तिनं नोंदवलं. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी डिसेंबरात जाहीरपणे दोष स्वतःकडं घेतला. त्यामुळं कुणाचीच खुर्ची गेली नाही. गेराटींच्या बढतीची वाट मात्र तिथं संपली. ज्यानं धोका आधी सांगितला त्याच्याच नावावर धोका लिहिला गेला. फेब्रुवारी १९८४ च्या शेवटी मरीन बैरुतमधून जहाजांवर परतले. हजेरी संपली.

पुढच्या वीस वर्षांचं फार सांगत बसत नाही. १९९१ मध्ये चोविसावी उत्तर इराकच्या डोंगरात गेली, सद्दाम हुसेनच्या भीतीनं पळालेल्या कुर्दांना खाली आणून वसवायला. १९९५ च्या जूनमध्ये बोस्नियात पाडलेल्या विमानाचा वैमानिक सहा दिवस मुंग्या खाऊन आणि पावसाचं पाणी पिऊन जंगलात लपला होता, त्याला हिच्या हेलिकॉप्टरांनी उचलून आणलं. हे तिचं सगळ्यात गाजलेलं काम, आणि त्यात कुणी मेलं नाही. २००४ मध्ये बगदादच्या दक्षिणेला, २००८ मध्ये अफगाणिस्तानातल्या हेल्मंदमध्ये. अफगाणिस्तानला किनारा नाही. समुद्रावरून उतरण्यासाठी बांधलेली पलटण समुद्र नसलेल्या देशात महिनोन् महिने मातीच्या भिंतीआड बसली. थोड्या दिवसांचं म्हणून गेले आणि लांबलं. हे ‘थोड्या दिवसांचं’ या पलटणीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा येतं.

मध्ये राहिलं ते २००६. जुलैत इस्राएल आणि हिज्बुल्ला यांच्यात युद्ध पेटलं. बैरुतच्या विमानतळावर बाँब पडले, माणसं अडकली. त्या वेळी चोविसावी सरावासाठी जॉर्डनमध्ये होती. तिचं मुख्य जहाज होतं इवो जिमा. १९८३ मध्ये जखमींना ज्या जहाजावर आणलं त्याचंही नाव इवो जिमाच होतं. ते जहाज कधीच मोडीत निघालं होतं, हे नवं होतं. पायदळ? आठव्या रेजिमेंटची पहिली बटालियन. तेवीस वर्षांनी तीच पाटी, तेच आकडे, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक सैनिक तेव्हा जन्मलेला नव्हता किंवा पाळण्यात होता. २० जुलैला साधारण चाळीस मरीन बैरुतच्या उत्तरेला वाळूवर उतरले. १९८४ नंतर अमेरिकन सैनिकांचे पाय तिथं पहिल्यांदाच लागत होते. पण या वेळचं काम एका वाक्यात सांगता येत होतं: बायका, मुलं, म्हातारी, बॅगा उचलायच्या, बोटीत बसवायच्या आणि निघायचं. बाराशे माणसं त्या दिवशी त्यांनी बोटींत चढवली.

त्याच आठवड्यात त्याच किनाऱ्यावर आपल्या नौदलाचीही जहाजं होती. भूमध्य समुद्रातनं घरी परतत असलेली मुंबई, ब्रह्मपुत्र, बेतवा आणि शक्ती सुएझजवळून मागं फिरली आणि बैरुतमधून सव्वादोन हजारांहून जास्त माणसं सायप्रसला नेऊन सोडली. बहुतेक भारतीय, पण श्रीलंकेचे आणि नेपाळचेही. आखाती देशांसारखीच लेबनॉनमध्येही घरकाम करणाऱ्या बायका फार. त्यांच्या मालकांनी आपापले पासपोर्ट घेऊन पळ काढला होता.

चोविसावीच्या २००६ च्या ताफ्यात ते ट्रेंटनही होतं. १९७१ मध्ये नौदलात आलेलं, ग्रेनाडाला वळवलेलं, १९९१ च्या जानेवारीत सोमालियाच्या मोगादिशूतून वकिलातीतली माणसं काढून आणलेलं. लेबनॉन ही अमेरिकन ध्वजाखालची त्याची शेवटची मोठी कामगिरी. पुढच्या वर्षी, २२ जून २००७ ला, ते भारतीय नौदलात दाखल झालं. नवं नाव जलाश्व. मे २०२० मध्ये टाळेबंदीत मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ जणांना ते कोचीला घेऊन आलं, तेव्हा आपण सगळ्यांनी घरात बसून ते टीव्हीवर पाहिलं. पाण्याचा घोडा, किती छान नाव, एवढंच तेव्हा मनात आलं. त्याच डेकवरून बाविसावी पलटण १९८३ मध्ये बैरुतला गेली होती, हे मला नंतर कळलं.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये चोविसावी काबूलच्या विमानतळावर होती. बटालियन पुन्हा तीच, आठवीची पहिली. पुन्हा विमानतळ, पुन्हा काटेरी तारा, पुन्हा वरच्यांनी ठरवलेली तारीख. तारेवरून एका तान्ह्या बाळाला हात धरून वर उचलणारा सैनिक ज्या चित्रात आहे, ते चित्र साऱ्या जगानं पाहिलं. तो या पलटणीचा. २६ ऑगस्टला फाटकाशी आत्मघातकी स्फोट झाला. १३ अमेरिकन सैनिक गेले आणि सुमारे १७० अफगाण. त्या तेरांत चोविसावीच्या रसद तुकडीतली तेवीस वर्षांची सार्जंट होती. बटालियनमध्ये पूर्वी बायका नसत. इथं बायकाच हव्या होत्या, कारण बुरख्यातल्या अफगाण स्त्रियांची झडती पुरुषांना घेता येत नव्हती. म्हणून ती फाटकावर. थोड्याच दिवसांपूर्वीचा तिचा एक फोटो आहे, चिलखत घातलेलं, आणि मांडीवर नाही तर हातांच्या झोळीत एक परकं बाळ.

जॅक्सनविलला झाडीत एक भिंत आहे, तिच्यावर बैरुतमध्ये गेलेल्यांची नावं. २३ ऑक्टोबर १९८६ ला ती उभी राहिली. गावातल्या मोठ्या रस्त्याकडेला गेलेल्या प्रत्येकाच्या नावानं एकेक नासपतीचं झाड लावलं होतं. दर वर्षी त्या तारखेला गाव भिंतीपाशी जमतं. आता तिथं येणाऱ्या आया फार थोड्या उरल्यात. मुलं येतात, बापाच्या दुप्पट वयाची झालेली.

जून २०२४ मध्ये इस्राएल आणि हिज्बुल्ला पुन्हा एकमेकांसमोर आले तेव्हा वॉस्प हे अमेरिकन जहाज पूर्व भूमध्य समुद्रात येऊन थांबलं, वेळ आलीच तर लेबनॉनमधून आपली माणसं काढायला. डेकवर चोविसावी होती. किनाऱ्यावर उतरायचा हुकूम काही आला नाही. हिवाळ्यात ते घरी परतले आणि टोळी सुटली.